कणगाईला ऊन दाखवल्याची कहाणी

ऐका कणगाई, तुमची कहाणी. आटपाट नावाचं नगर होतं. नगराला सात वेशी होत्या, सात वेशींबाहेर सात तऱ्हेची रानं होती. धान्याला तिथं तोटा नव्हता. तोटा होता तो ऐकणाऱ्या कानांचा.

काळ्या रानात ज्वारी व्हायची, तिच्या ओळीओळीत तूर. माळावर बाजरी आणि मटकी. उताराला नाचणी, वरी, राळा. पाणथळीला भात. बांधावर तीळ, कारळे, अंबाडी. एका रानाला पाऊस दगा देई, तर दुसरं रान हात देई. घरोघरी बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली कणगी असे. कणगीत कणगाई राही. तिला देऊळ नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही. कणगीचं पोट भरलेलं असलं म्हणजे ती घरात आहे, असं समजायचं.

त्या नगरात एक राजा होता. राजाच्या कोठीवर कोंडाबाई नावाची बाई होती. नवी सून होऊन नगरात आली तेव्हा धान्य निवडायला म्हणून कोठीत शिरली, आणि निवडता निवडता केस पांढरे झाले. तोवर सगळी कोठी तिच्या हाताखाली आली. पोतं आलं की ती त्यातला एक दाणा उचली, दाताखाली धरी. कट् असा वाजला तर म्हणे, वाळला, घ्या आत. दाताखाली दबला तर म्हणे, ओला आहे, न्या अंगणात. मग आणणारा सावकार असो की सरदार, पोतं अंगणातच जाई.

कोंडाबाई कणगाईचा वसा पाळी. वर्षाचे तीन आदितवार करी. सुगी घरात आली की एक, संक्रांत सरली की एक, चैत्रात एक. त्या दिवशी कणगी रिकामी करावी. धान्य अंगणात पसरावं, ऊन दाखवावं. हुंगावं, निवडावं, काळं ते बाजूला काढावं. ऊन कललं की धान्य निवू द्यावं, मग कडुलिंबाचा पाला घालून परत भरावं. भरताना तीन सुपं वेगळी काढावी. एक बियाण्याचं, एक शेजारणीचं, एक ज्याच्या घरी कणगी नाही त्याचं. असा वसा. सोपा वसा. सोपा म्हणूनच माणसं तो टाकतात.

मग काय झालं? राजा सासुरवाडीला गेला. तिथं त्याला ज्वारीचं एक नवं कणीस दाखवलं. कणीस मुठीत मावेना. दाणा टपोरा, पांढराशुभ्र. नाव हत्तीडोळी. राजा हरखला. परत आला तो गाडाभर बियाणं घेऊन आला. दवंडी पिटवली की सातही रानांत हत्तीडोळीच पेरायची. नाचणी नको, राळा नको, वरी नको, ही गरिबीची धान्यं. सगळं पीक राजाच्या कोठीत येईल, दर सोमवारी ज्याला त्याला वाटून मिळेल. मग घरात कणग्या कशाला? त्या आणून द्याव्या, राजवाड्याच्या भट्टीला जळण होईल.

कोंडाबाईनं कपाळाला हात लावला. ती प्रधानाकडे गेली. म्हणाली, सात रानांत एकच दाणा पेरू नये, एक रोग आला की सातही रानं जातील. प्रधान म्हणाला, बाई, तुम्ही निवडण करा, राज्य आम्ही करतो. मग ती राणीकडे गेली. राणी मनानं चांगली होती. म्हणाली, कोंडाबाई, तुम्ही म्हणता ते पटतं, मी स्वारींच्या कानावर घालते. तेवढ्यात कासारीण आली, राणी बांगड्या भरायला बसली, आणि बोलणं राहून गेलं. मग कोंडाबाई राजाकडे गेली. म्हणाली, महाराज, या कणसाचे दाणे फार दाटीचे आहेत. आपली ज्वारी मोकळ्या कणसाची, पाऊस आला तर पाणी निथळतं. यात पाणी शिरलं तर बाहेर कसं येणार? राजा हसला. दरबार हसला. राजा म्हणाला, हिला मोठं कणीससुद्धा सोसत नाही.

त्या साली पाऊस वेळेवर आला आणि वेळेवर गेला. हत्तीडोळी अशी पिकली की कोठीच्या भिंती फुगल्या. राजानं मेजवानी दिली. सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय कोंडाबाई, आता काय म्हणतेस?"

कोंडाबाई तिथून निघाली. घरी आली. पायरीवर बसली. चाळीस वर्षं मी सांगत आले, असं तिच्या मनात आलं. चाळीस वर्षं एकच गोष्ट. दरवर्षी नव्यानं समजवायचं, आणि दरवर्षी हसू करून घ्यायचं. मग ती उठली. स्वतःची कणगी उचलली. सासूनं दिलेली होती, तिच्या सासूनं तिला दिलेली होती. ती डोक्यावर घेऊन राजवाड्याच्या भट्टीपाशी आली आणि म्हणाली, घ्या, एकदाचं होऊन जाऊ द्या. कणगी धडधड पेटली. घरात बियाण्याची सात गाडगी होती, ती तिनं चिमण्यांना उधळली. सुगीचा आदितवार आला, कोंडाबाई झोपून राहिली. संक्रांतीनंतरचा आला, तेव्हाही झोपून राहिली. चैत्रातला आला, तेव्हा तर तिला आठवणसुद्धा राहिली नाही.

दुसरं साल आलं. सातही रानांत हत्तीडोळी डोलू लागली. कापणी तोंडावर आली, आणि तीन दिवस पाऊस पडला. फार नाही पडला. मोकळ्या कणसाची ज्वारी असती तर झटकून उभी राहिली असती. पण हत्तीडोळीचं कणीस दाटीचं. पाणी आत गेलं ते आतच राहिलं. वरून पांढरं, आतून भिजलेलं. तशीच कापली, तशीच मळली, तशीच गाड्यांत भरून कोठीच्या दारात आणली.

कोंडाबाईनं दाणा दाताखाली धरला. दबला. दुसऱ्या गाडीतला धरला, तोही दबला. तिसऱ्या गाडीत तिनं कोपरापर्यंत हात खुपसला. आत धान्य तापलेलं होतं, जसं तापानं फणफणलेल्या लेकराचं अंग. तिनं हात बाहेर काढला आणि प्रधानाला म्हणाली, हे भरू नका. अंगणात पसरा, आठ दिवस ऊन द्या. प्रधान म्हणाला, अंगणात मांडव आहे. उद्या राजाचा वाढदिवस, आज कोठी भरण्याचा मुहूर्त. मुहूर्त टळला तर पुढला मुहूर्त महिन्यानं. कोंडाबाई म्हणाली, बुरशी पंचांग बघून येत नाही. प्रधानानं ऐकलं नाही.

मग ती राणीकडे गेली. राणी म्हणाली, मी आज नक्की सांगते. पण वाढदिवसाला माहेरची माणसं आलेली, आणि सांगणं पुन्हा राहून गेलं.

मग ती राजाकडे गेली. म्हणाली, महाराज, धान्य तापलंय. राजानं विचार केला. म्हणाला, "बरंच झालं की. थंडी येतेय, उबेत राहील."

बायांनो, यावर काय बोलणार? वाजतगाजत कोठी भरली. दाराला कुलूप लागलं. कुलपाला हार घातला.

पंधरा दिवस गेले. कोठीतून कुबट वास येऊ लागला. प्रधानानं धूप जाळला. महिना गेला. कोठी उघडली, तर धान्याचे गोळे झालेले. कुठं हिरवे, कुठं काळे, कुठं पांढरी जाळी धरलेली. प्रधानानं नाकाला उपरणं लावलं. मग म्हणाला, धुवा, वाळवा, गेल्या सालच्या उरलेल्यात मिसळा आणि दळून वाटा. दळलं की काळंगोरं कुणाला दिसतं? तसंच केलं. भाकरी कडू लागली. लोकांनी तक्रार केली, तेव्हा प्रधानानं प्रत्येक वाट्याबरोबर गुळाचा खडा द्यायचा हुकूम केला.

कोंडाबाई कोठीतून उठून घरी गेली. म्हणाली, मी हे दळायला देणार नाही. प्रधान म्हणाला, नका देऊ. दुसऱ्या बायांनी दिलं.

आधी कोंबड्या मेल्या. जात्याखाली सांडलेलं टिपून खायच्या, आणि फडफडून पडायच्या. कोंडाबाईनं तीन मेलेल्या कोंबड्या सुपात घातल्या आणि दरबारात नेऊन ठेवल्या. प्रधान म्हणाला, कोंबड्यांवर रोग आला आहे. मग गुरांनी दाणा सोडला, गाभण गाई गाभडल्या. प्रधान म्हणाला, चाऱ्यात काही असेल. मग माणसांचे डोळे पिवळे झाले, पोटं फुगली, खाल्लेलं ठरेना. प्रधान म्हणाला, हवा बदलली आहे.

तीन घरची तीन माणसं गेली. कुंभारवाड्यातला एक म्हातारा गेला. वेशीवरची एक बाळंतीण गेली. आणि कोंडाबाईच्या शेजारची साळू, तिची धाकटी लेक गेली, चार वर्षांची होती. वसा केल्यावर मेलेली माणसं उठून बसतात, असं कहाण्यांत असतं. या कहाणीत ती उठली नाहीत.

मग राजकन्या आजारी पडली. वैद्य झाले, मांत्रिक झाले, दृष्ट काढून झाली. राणीला एकाएकी आठवलं की आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं आणि आपण ते सांगायचं विसरलो. ती रडत राजाकडे गेली आणि सगळं बोलली. मग राजा उठला, पायी चालत कोंडाबाईच्या दारी आला. जन्मात पहिल्यांदा आला.

राजा म्हणाला, "कोंडाबाई, तू काय सांगत होतीस?"

"तीनदा सांगितलं, महाराज."

"चौथ्यांदा सांग."

कोंडाबाईच्या तोंडाशी फार काही आलं होतं. चाळीस वर्षांचं साठलेलं होतं. पण राजाचा चेहरा पाहिला, तो बापाचा चेहरा होता. मग तिनं सांगितलं. ही हवा नाही, रोग नाही, दृष्ट नाही. हे धान्य आहे. बुरशीचं विष धुऊन जात नाही, दळून जात नाही, भाजून जात नाही, गुळानं तर मुळीच जात नाही. कोठीतलं सगळं धान्य बाहेर काढा आणि खोल खड्ड्यात पुरा. गुरांना घालू नका, ओढ्यात टाकू नका. राजानं मान डोलावली. खड्डा खणायला माणसं लावली.

आणि मग खरी अवघड गोष्ट पुढं आली. नगरात बातमी पसरली की राजा धान्य पुरतोय. सातही वेशींतून माणसं धावली. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या हातात परात, कुणी नुसता पदर पुढं केलेला. सगळ्यांच्या पुढं साळू होती. तिच्या कडेला एक पोर, हाताला एक पोर.

कोंडाबाई कोठीच्या दारात आडवी उभी राहिली.

साळू म्हणाली, "मावशी, सर. मला दोन पायल्या घेऊ दे."

"साळू, याच धान्यानं तुझी पोर गेली."

"माहीत आहे मला. आणि ही दोघं कालपासून उपाशी आहेत, तेही मला माहीत आहे. हे खाऊन मरतील तेव्हा मरतील. न खाता तर उद्याच मरतील. तुझ्याकडे दुसरं काही आहे का? असेल तर दे, मी जाते."

कोंडाबाईकडे दुसरं काही नव्हतं. कणगी असती तर तिच्या तळाशी दोन महिन्यांचं धान्य असतं. गाडगी असती तर बियाणं असतं. कणगी तिनं जाळली होती, बियाणं तिनं उधळलं होतं. राजाच्या हुकमानं नव्हे, स्वतःच्या रागानं. ती दारातून हलली नाही, पण तिला साळूकडे बघवेना. ती राजाकडे वळली. म्हणाली, महाराज, तुमच्या मुदपाकखान्यात काय काय आहे? राजा म्हणाला, तांदूळ आहे, डाळी आहेत, तूप आहे. कोंडाबाई म्हणाली, सगळं बाहेर काढा. मोठ्या हंड्यांत पेज शिजवा. राजवाड्यानं तीच प्यायची, नगरानं तीच प्यायची. पंधरा दिवस पुरेल. पंधरा दिवसांत मी धान्य घेऊन येते. प्रधान म्हणाला, आणि आम्ही काय खायचं? राजा म्हणाला, "पेज."

काळं धान्य खड्ड्यात गेलं. वर माती पडली. बाया मातीकडे बघून रडल्या. अन्न पुरताना कुणाला बरं वाटेल?

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई न्हाली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि डोंगराकडे निघाली. चालता चालता पहिली वाडी लागली. तिथं विचारलं, बायांनो, धान्य आहे का, बियाणं आहे का? त्या म्हणाल्या, दवंडी आली, आम्ही कणग्या देऊन टाकल्या. कोंडाबाई पुढं गेली. दुसरी वाडी लागली. तिथं कणग्या होत्या. लपवून ठेवल्या होत्या. पण लपवल्या त्या अंधारात, दोन वर्षं ऊन दाखवलं नव्हतं. कोंडाबाईनं हात घातला, तर नुसतं पीठ आणि सोंडे वळवळतायत. ती म्हणाली, अगं लपवलंत ते बरं केलंत, पण उघडून बघायचं तरी! त्या म्हणाल्या, राहून गेलं. कोंडाबाईनं तिथंही कपाळाला हात लावला आणि पुढं गेली.

चढण लागली. पायवाट संपली. दवंडीवाल्याचा नगारा जड, तो इथवर कधी चढला नव्हता. वर पठारावर दहाबारा झोपड्या होत्या. अंगणात सात कणग्या, सातांचं धान्य सात गोण्यांवर पसरलेलं, आणि मधोमध एक म्हातारी हातात काठी घेऊन पाखरं हाकत बसलेली. कोंडाबाई जवळ गेली, तशी म्हातारी म्हणाली, "आलीस? फार वेळ लावलास."

कोंडाबाईनं ओळखलं. पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, आई, नगर उपाशी आहे, लेकरं मरतायत, मला धान्य द्या, बियाणं द्या.

कणगाई काही लगेच पावली नाही. ती चिडलेली होती. म्हणाली, "तुझ्या राजाला मी तीनदा सांगून पाहिलं. ताप होऊन आले, तो म्हणाला ऊब आहे. वास होऊन आले, त्याच्या प्रधानानं धूप जाळला. कडू चव होऊन आले, त्यांनी वर गूळ वाटला. आता मी आणखी कुठल्या रूपानं यायचं, ते तूच सांग."

कोंडाबाई म्हणाली, "आई, राजा अडाणी आहे."

"राजा अडाणी आहेच. त्याला मी माफ करीन. तू तर शहाणी होतीस ना? तुझी कणगी कुणी जाळली?"

कोंडाबाईला रडू फुटलं, आणि रडता रडता रागही आला. ती म्हणाली, "मी थकले हो आई. चाळीस वर्षं सांगतेय. कुणी ऐकत नाही. मीच एकटीनं किती दिवस सांगायचं?"

म्हातारीनं काठी खाली ठेवली. म्हणाली, "चाळीस वर्षं? बयो, माणूस पेरायला लागला त्या दिवसापासून मी सांगतेय. तुला वाटतं मी तुमच्याच नगरात राहते? जिथं जिथं माणूस पेरतो तिथं तिथं माझं ठाणं आहे. कुठं मक्याची कणसं आढ्याला टांगतात, कुठं गव्हाचं पेव खणतात, कुठं भाताची कोठी लाकडाच्या पायांवर उभी करतात. सात समुद्र पालथे घातलेस तरी मी भेटेन. आणि सगळीकडे हेच. एकच दाणा पेरतील, ओलं भरतील, दार लावून घेतील, आणि मग विचारतील की आई का कोपली? मी कोपत नाही गं. मी नुसती नासते."

एवढं बोलून ती थांबली. मग तिनं कोंडाबाईला जवळ बसवलं, नाचणीची पेज दिली, वर मिठाचा खडा दिला. कोंडाबाई प्यायली. दोन दिवसांत पोटात गेलेलं ते पहिलं अन्न होतं.

मग तिनं विचारलं, आई, आता वसा कसा करू?

कणगाई म्हणाली, "जसा करत होतीस तसाच कर. रान सात तऱ्हेचं, तर बी सात तऱ्हेचं पेर. घरची कणगी घरात ठेव. वर्षाचे तीन आदितवार ऊन दाखव. दाणा दाताखाली वाजला तरच आत घे. काळं दिसलं तर मन घट्ट करून फेक, आणि फेकण्याची वेळ येऊ नये म्हणून आधीच बघ. तीन सुपं काढ. उतू नकोस, मातू नकोस, आणि चिडून तर वसा मुळीच टाकू नकोस. चिडणाऱ्यांनीच तो पाळायचा असतो. बाकीच्यांना काय, त्यांना वासच येत नाही."

असं म्हणून म्हातारी पाणी आणायला म्हणून झोपडीमागं गेली, ती परत आलीच नाही. तेवढ्यात रानातून बाया आल्या. कोंडाबाईनं विचारलं, तुमची म्हातारी कुठं गेली? त्या म्हणाल्या, इथं कुणी म्हातारी नाही. धान्य राखायला आम्ही आज कुणालाच ठेवलं नव्हतं. कोंडाबाईनं काय ते जाणलं. मग तिनं नगराची हकीकत सांगितली आणि पदर पसरला.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतली थोरली पुतळाबाई. ती म्हणाली, तुझ्या राजाच्या लेखी आमचं धान्य गरिबीचं होतं. कोंडाबाई म्हणाली, होतं. पुतळाबाई म्हणाली, देऊ. पण एक अट आहे. यातला एक दाणासुद्धा राजाच्या कोठीत जायचा नाही. घरोघरी जाईल, आणि ज्याच्या घरी जाईल त्यानं कणगी विणून ठेवायची. कोंडाबाईनं शब्द दिला. मग बायांनी नाचणी मोजली नाही, नुसती भरली. बियाण्याची सात गाडगी दिली. बैलांवर ओझी लादली आणि स्वतः खाली उतरल्या, कारण वाट त्यांनाच ठाऊक होती.

तेराव्या दिवशी त्या नगरात आल्या. कोंडाबाईनं पहिलं सूप साळूच्या दारी नेलं. साळूनं दार उघडलं. सूप घेतलं, चूल पेटवली. पोरं खाईपर्यंत कोंडाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मग साळूनं रिकामं सूप आणून दिलं आणि म्हणाली, "बस." कोंडाबाई बसली.

दुसरं सूप राजवाड्यात गेलं. राजकन्येला नाचणीची पातळ पेज पाजली. पहिल्या दिवशी दोन घोट ठरले, दुसऱ्या दिवशी वाटी ठरली. महिन्याभरानं डोळ्यांचा पिवळेपणा गेला. तिसरं सूप कुंभारवाड्यात गेलं, आणि मग घराघरांत गेलं.

नगर कणग्या विणायला बसलं. निम्म्या जणांना विणता येईना, हात विसरले होते. पुतळाबाईनं आणि तिच्या बायांनी शिकवलं. विहिरींना पाणी होतं तिथं मूग आणि राळा टाकला, तो उन्हाळ्यात हाताशी आला, भूक निभावली. मग मृग लागला आणि सात रानांत सात तऱ्हेचं पेरलं. एका कोपऱ्यात राजानं सासुरवाडीहून बी मागवून थोडी हत्तीडोळीही पेरली. कोंडाबाई नको म्हणाली नाही. म्हणाली, असू द्या, तीही लेकच आहे, फक्त एकुलती एक नको.

सुगी आली. सुगीचा आदितवार आला. नगरात एक अंगण मोकळं राहिलं नाही. ज्वारी पसरली, नाचणी पसरली, तूर पसरली, तीळ पसरले. माणसांना चालायला वाट उरली नाही. पिवळं, तांबडं, काळं, पांढरं, जिकडं तिकडं धान्याचा वास. कोठीचं दार काढून टाकलं होतं, तिथं पोरं खेळत होती. राजा गच्चीवर स्वतःच्या वाट्याचं धान्य हातानं पसरत होता. प्रधानाच्या हाती पाखरं हाकायची काठी दिली होती. हाकता हाकता त्याला मुहूर्त आठवला नाही.

दुपार कलली. राजानं गच्चीवरून हाक मारली. म्हणाला, "कोंडाबाई, वाळलं गं. भरू का आता?"

कोंडाबाई म्हणाली, "नाही महाराज. निवू द्या."

"का बरं?"

खाली अंगणात साळू धान्य निवडत होती. तिनं मान वर केली. कोंडाबाईच्या कपाळावर आठ्या चढल्या. हे तिनं राजाला सकाळी सांगितलं होतं, काल सांगितलं होतं, परवाही सांगितलं होतं. तिनं पदर खोचला. मग पहिल्यांदाच सांगावं तसं सांगितलं, की धान्य गरम भरलं तर आत वाफ धरते, वाफेचं पाणी होतं, पाण्याची बुरशी होते, म्हणून हात लावून बघायचं आणि गार लागलं तरच भरायचं. राजानं ऐकलं. मान डोलावली. हात लावून बघत बसून राहिला.

साळू हळूच म्हणाली, "मावशी, किती वेळा सांगशील गं याला?"

कोंडाबाई म्हणाली, "विचारतोय तोवर."

मग ऊन उतरलं, धान्य निवलं, कणग्या भरल्या. तीन तीन सुपं निघाली. बियाण्याचं जपून ठेवलं, शेजारणीचं शेजारणीला गेलं, आणि तिसरं सूप घेऊन बाया नगरभर हिंडल्या की ज्याच्या घरी कणगी नाही असं कोण आहे. त्या साली तसं कुणी सापडलं नाही. मग ते सूप त्यांनी वेशीबाहेरच्या वाटसरूंना दिलं.

कणगाई कोंडाबाईला जशी रागे भरून पावली, तशी तुम्हां आम्हां रागे न भरता पावो. तुमच्या घरचा दाणा दाताखाली वाजो, कणगीला कधी वास न येवो, कुणाच्या लेकराला कडू भाकरी न मिळो. कुणी पुन्हा विचारलं तर सांगायचं बळ राहो. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत पाखडून सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.